२६ जानेवारीचा नेम

सुट्टी नक्की कुणाची असते, हे एकदा घरात विचारून पाहायला हवं. कॅलेंडरवर तांबड्या अक्षरात छापलेली तारीख यांना सुट्टीची, मुलांना सुट्टीची, बँकेला आणि कचेरीला सुट्टीची. आपल्या स्वयंपाकघरात मात्र त्या दिवशी चहाचं आधण चारदा चढतं आणि "आज काहीतरी वेगळं कर ना" ही फर्माईश सकाळी आठलाच येते. प्रजासत्ताक दिन आहे म्हणून कणीक काही स्वतःहून मळली जात नाही! आमच्याकडे २६ जानेवारी म्हणजे पहाटे उठून मुलांच्या गणवेशांना इस्त्री, शाळेतलं ध्वजवंदन, येताना किलोभर जिलबी, टीव्हीवर दिल्लीची परेड आणि दुपारी यांचे दोन-तीन मित्र जेवायला. वर्षानुवर्षं हेच.

गेली तीन वर्षं त्यात एक बदल झाला आहे. ध्वजवंदन आटोपलं की आम्ही चार-पाच कुटुंबं चिखलीहून बुलढाण्याच्या वाटेवर असलेल्या एका शेतात जातो आणि दुपारपर्यंत रायफलीनं नेमबाजी करतो. आम्ही म्हणजे बायकासुद्धा. नव्हे, बायकाच जास्त. "अगबाई, बंदूक?" असं तुमच्या तोंडून निघालं असेल तर नवल नाही. माझ्या जाऊबाईही हेच म्हणाल्या होत्या आणि पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आधी जीपमध्ये येऊन बसल्या होत्या.

शेत आहे एका निवृत्त सुभेदारांचं. सगळी कॉलनी त्यांना सुभेदारकाका म्हणते. फौजेतून घरी आल्यावर त्यांनी विहीर खोदली. तिच्यातून निघालेल्या मुरमाचा मोठा ढीग बांधापाशी तसाच पडून होता. त्या ढिगाकडे पाहून त्यांना फौजेतली फायरिंग रेंज आठवली असावी. ढिगापुढे त्यांनी लाकडी चौकट रोवली, कागदी टार्गेटं लावायला तिच्यावर पत्र्याच्या पेट्या बसवल्या, म्हणजे छर्रे त्यातच अडकतात, आणि तिथून बरोबर १० मीटर मोजून चुन्याची रेघ मारली. झाली आमची रेंज! रायफली दोन, दोन्ही हवेच्या दाबावर चालणाऱ्या. एक साधी, नळी मोडून छर्रा भरायची. दुसरी स्पर्धेची, जुनी, कुणाकडून तरी विकत घेतलेली. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. ऑलिंपिकमध्ये १० मीटरच्या रायफलीला हाच वापरतात, हे ऐकून आम्हाला उगीचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

काका हा घाट वर्षातून दोनदाच घालतात, २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला. २ ऑक्टोबर हाही राष्ट्रीय सणच, पण "गांधीजींच्या दिवशी बंदूक हातात घ्यायची नाही" यावर ते ठाम आहेत. १५ ऑगस्टला आमच्या काळ्या मातीचा असा चिखल होतो की चप्पल एकीकडे आणि पाय दुसरीकडे. खरी मजा जानेवारीतली. ज्वारी हुरड्यावर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, उन्हात बसावंसं वाटेल असा गारवा. एका बाजूला गोवऱ्यांच्या आरावर हुरडा भाजला जातोय, दुसऱ्या बाजूला 'टप्प' असा छर्र्याचा आवाज. तो आवाज पुष्कळच लहान असतो हो! कुकरची शिट्टी त्याच्यापेक्षा जास्त दचकवते.

काकांचे नियम मात्र कडक. रेघेच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. रायफल भरलेली असो वा रिकामी, नळीचं तोंड कायम ढिगाकडे. बोट चापावर न्यायचं ते अगदी शेवटी. डोळ्यांवर चष्मा. आणि हुरड्याला हात लावण्याआधी साबणानं स्वच्छ हात धुवायचे, कारण छर्रे शिशाचे असतात. शिसं पोटात जाणं कुणालाच चांगलं नाही, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर फारच वाईट. हा मुद्दा इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुरुषमंडळी तो नेमका विसरतात आणि तसेच पाटीवर बसतात.

पहिल्या वर्षीचा एक विनोद सांगते. काकांनी फौजी हिंदीत हुकूम दिला, "शिस्त लो!" आणि रेघेवरच्या आमच्या दोघी-तिघी शाळेत असल्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. काकांना हसू आवरेना. फौजेत 'शिस्त लेना' म्हणजे नेम धरणं. आपल्या भाषेत त्याच शब्दाचा अर्थ वेगळा झाला आहे. पण नेम धरायला लागलं की वाटतं, फार काही वेगळाही झालेला नाही.

नवख्यांना काका आधी टेबलाशी बसवतात आणि रायफलीखाली वाळूचं पोतं देतात. दस्ता खांद्याच्या खोलगट जागी घट्ट, गाल दस्त्यावर टेकलेला. मागच्या भोकातून पुढची माशी दिसते आणि माशीच्या पलीकडे टार्गेटचा काळा गोल, जेमतेम तीन सेंटीमीटरचा. खऱ्या स्पर्धेच्या टार्गेटात दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गोल नुसता पोहत होता. काका म्हणाले, "बाई, हलतोय तो गोल नाही, तुमचा श्वास हलतोय." श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा. थांबल्यावर पाच-सात सेकंद मिळतात, तेवढ्यात चाप दाबायचा. ओढायचा नाही, हळूहळू दाबायचा. सुईत दोरा ओवताना आपण नकळत श्वास धरतोच की नाही? अगदी तसंच. म्हणूनच असेल, पहिल्याच फेरीत आम्हा बायकांचे छर्रे कागदावर तरी लागले. पुरुषांनी जोर लावून चाप ओढला आणि निम्मे छर्रे चौकटीबाहेर ढिगात गेले. नंतर तेही शिकले म्हणा.

पण मला सगळ्यात आवडला तो काकांचा आणखी एक नियम. नेम धरलेल्या माणसाला हाक मारायची नाही. पहिल्या वर्षी मी पोत्यावर रायफल टेकवून बसले होते आणि मागून आमच्या चिरंजीवांचा आवाज आला, "आई, माझा टॉवेल कुठे ठेवलास?" काकांनी त्याला असं काही गप्प केलं की पुन्हा त्याची हिंमत झाली नाही. दहा छर्रे, दहा-बारा मिनिटं. त्या वेळात मला कुणी हाक मारू शकत नाही, दूध उतू जात नाही, दार वाजत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, अशी दहा मिनिटं मला आठवत नाहीत.

घरी येऊन मी या विषयावर थोडं वाचलं, तेव्हा वाटलं की या खेळात आपल्या महाराष्ट्राच्या मुलींनी केवढं करून ठेवलंय आणि आपल्याला पत्ताच नाही. मुंबईची अंजली वेदपाठक एन.सी.सी.मुळे रायफलीकडे वळली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. पुढे लग्न होऊन ती अंजली भागवत झाली आणि २००२ मध्ये म्युनिकला तिनं 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' हा मान मिळवला. लग्नानंतर, बरं का! पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण घेतले. एकही छर्रा दहाच्या बाहेर नाही! त्याच वर्षी त्या अथेन्सच्या अंतिम फेरीत होत्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं रायफलीत कांस्यपदक आणलं, ते तर आपण टीव्हीवर पाहिलंच. तिरंदाजीत आमच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, तेव्हापासून आमच्याकडची पोरंही नेमाच्या खेळाकडे जरा आदरानं बघतात.

एक जुनी हकिकत तर मला फारच आवडली. पूर्वी ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत बायकांची वेगळी स्पर्धाच नव्हती. १९७६ साली माँट्रियलला मार्गारेट मर्डॉक ही अमेरिकन बाई पुरुषांच्या बरोबरीनं उतरली आणि तिची तिच्याच देशाच्या लॅनी बॅशमशी बरोबरी झाली. नियमाप्रमाणे सुवर्ण त्याला गेलं, रौप्य हिला. राष्ट्रगीताच्या वेळी त्यानं तिला हात धरून वरच्या पायरीवर स्वतःशेजारी उभं केलं. १९८४ पासून बायकांच्या वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या, पण १० मीटर रायफलीत पुरुषांना ६० नेम आणि बायकांना ४० हा भेद पुढे कितीतरी वर्षं होता. २०१८ पासून दोघांनाही ६०. बाईचा हात चाळीस नेमांनंतर थकतो असं कुणाला वाटलं होतं कोण जाणे! आमच्याकडे पंचवीस माणसांच्या पोळ्या लाटायला बोलवा त्यांना.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमची धाकटी अकरावीला आहे, कॉलेजात एन.सी.सी.त आहे. कॅम्पमध्ये तिनं पॉइंट टू टू रायफलीनं पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही तळहाताएवढ्या जागेत बसल्या. काकांच्या रेंजवर तर ती रविवारीही जायला लागली. मागच्या दिवाळीत काका आमच्याकडे येऊन म्हणाले, "पोरीच्या अंगात थांबणं आहे. हे शिकवून येत नाही. तिला रोज सराव हवा." रोजचा सराव म्हणजे रोज छर्रे झाडणं नव्हे. रिकामी रायफल खांद्याला लावून अर्धा-अर्धा तास स्थिर उभं राहायचं, नेम धरायचा, सोडायचा. हे घरीच करता येतं, पण त्यासाठी रायफल घरात हवी. काका आपली जुनी रायफल वापरायला द्यायला तयार होते. स्पर्धेची नवी, परदेशी बनावटीची घ्यायची तर मामला लाखांच्या घरातला.

यांनी नेहमीचं "बघू" म्हटलं. मुलाच्या लातूरच्या क्लासची फी यांनी एका चेकनं भरली होती, तेव्हा "बघू" नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. माझं रिकरिंग आहे, सहा वर्षांचं, तेही मी पुढे केलं. तेव्हा हे थोडं थांबून म्हणाले, "पैशाचं नाही गं. आईला कोण सांगणार?"

इथे दोघेही गप्प झालो.

आमच्या सासूबाईंचं माहेर मेहकर तालुक्यातलं. शेतावर रानडुकरं आणि रोही यांचा तेव्हाही त्रास होता. पीक उभं असलं की घरातला कुणीतरी रात्री जागलीला जायचा, सोबत ठासणीची बंदूक. या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजानं ठासून भरतात. एकदा भरली की ती भरलेली आहे की रिकामी, हे वरून पाहून कळत नाही. गज घालूनच बघावं लागतं. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट असेल. एका सकाळी जागलीवरून आलेली बंदूक गोठ्यात कुडाला टेकवून ठेवली होती. सासूबाईंचा पाठचा भाऊ बारा वर्षांचा. त्यानं ती सहज उचलली. रिकामी आहे असंच घरात सगळ्यांना वाटत होतं.

हे मला सासूबाईंनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीनं एका लग्नघरी, लाडू वळता वळता सांगितलं. सासूबाईंनी त्या भावाचं नावही कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. या घरात त्यांनी जत्रेतली खेळण्यातली बंदूकसुद्धा मुलांना घेऊ दिली नाही. आम्ही शेतात नेमबाजीला जायला लागलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमची हौस तुमी करा. पन माह्या घरात बंदूक आनायची नाई." आम्ही ते पाळलं होतं. त्यावर वाद घालण्याचा अधिकार मला नव्हता आणि मनही नव्हतं. पण दुसरीकडे धाकटी होती. ती हट्ट करत नव्हती. नुसती संध्याकाळी गच्चीवर हातात लाटणं घेऊन, एक डोळा मिटून उभी राहायची. ते बघवत नव्हतं.

यंदाच्या २६ जानेवारीला सासूबाई अचानक म्हणाल्या, "मी बी येतो हुरडा खायले." आमच्या वऱ्हाडात बायकाही 'येतो, जातो' म्हणतात. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काकांनी त्यांच्यासाठी निंबाखाली बाज टाकली, रेघेपासून चांगली लांब. पण त्या तिथे बसल्या नाहीत. बाज रेघेच्या मागेच आणायला लावली आणि सकाळभर पाहत राहिल्या. हुरड्याची पाटी दोनदा पुढे केली, दोनदा परत गेली.

धाकटीचे वीस नेम झाले. तिनं रायफल टेबलावर ठेवली, मागून एक नारिंगी दोरी नळीत सरकवली आणि बाजूला झाली. स्पर्धेत हा नियमच असतो. नेम धरायचा नसेल तेव्हा नळीत ही भडक रंगाची दोरी असलीच पाहिजे. सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं.

"हे रिकामी हाय, हे कसं समजते वं?"

धाकटीनं काकांना विचारून त्यांना टेबलापाशी नेलं. दोरीचं एक टोक मागे, जिथे छर्रा भरतात तिथे दिसत होतं, दुसरं नळीच्या तोंडातून बाहेर लोंबत होतं. "आजी, दोरी आरपार दिसते ना? आत छर्रा असता तर ती अशी गेलीच नसती. लांबूनसुद्धा कुणालाही दिसतं."

"आन दोरी काढली की?"

"ती फक्त रेघेवर काढायची. तोंड ढिगाकडे ठेवून. काका सांगतील तेव्हाच."

सासूबाईंनी दोरीचं टोक दोन बोटांत धरून जरा ओढून पाहिलं. ती सरकली, तशी पुन्हा पहिल्यासारखी करायला लावली. मग बाजेवर येऊन बसल्या. बऱ्याच वेळानं, कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "त्याच्या बंदुकीले दोरी नोती." हे शेजारीच होते. आईच्या तोंडून भावाविषयीचं हे पहिलंच वाक्य त्यांनी ऐकलं. मी हुरड्याच्या आराकडे निघून गेले. मायलेकांना तेवढा वेळ असू द्यावा, असं वाटलं.

त्यावर घरी कुणी काही बोललं नाही. परवानगीही कुणी मागितली नाही. आठ-दहा दिवसांनी मी बाजारातून आले तर सासूबाईंनी आपल्या लोखंडी पेटीतल्या गोधड्या काढून कॉटवर रचल्या होत्या आणि पेटी फडक्यानं पुसत होत्या. "याच्यात मावते का पाहा. कुलूप लावाचं. आन किल्ली माह्यापाशी राहीन."

रायफल आता त्या पेटीत असते. छर्रे वेगळ्या डब्यात, वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात. काकांनीच तसं सांगितलं आहे. कुणी घ्यायचं मनात आणलं तर हेही सांगून ठेवते, की साडेचार मिलिमीटरच्या कमी ताकदीच्या हवाई रायफलीला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही, पण दुकानदाराला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. नियम एकदा पोलीस ठाण्यात विचारून घेतलेले बरे. पाखरांवर, कुत्र्या-मांजरांवर नेम धरणं हा खेळ नाही, गुन्हा आहे, हे मुलग्यांना आधीच बजावावं. मुलीला खरंच शिकायचं असेल तर एन.सी.सी. आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची कचेरी, या दोन ठिकाणी आधी चौकशी करावी.

रोज संध्याकाळी सहाला धाकटी आजीकडे किल्ली मागते. सासूबाई कनवटीची किल्ली सोडतात, पेटी उघडल्यावर आधी दोरीची दोन्ही टोकं बघतात आणि मगच बाजूला होतात. तोंड अंगणातल्या आंधळ्या भिंतीकडे, तिथे कोळशानं काढलेला एक ठिपका आहे. ती अर्धा तास उभी राहते. सासूबाई जात्याच्या ओट्यावर बसून मेथी निवडतात. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही, हा नियम आता घरात सासूबाईच चालवतात. परवा शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या तर त्यांनाही दारातच हातानं थांबवलं!

माझं रिकरिंग डिसेंबरात पुरं होतंय. आधी जाकीट घ्यावं की थांबून एकदम नवी रायफल, यावर सध्या आमची चर्चा चालू आहे. काका म्हणतात आधी जाकीट, त्याशिवाय पाठीला आधार मिळत नाही. हे म्हणतात रायफलच बघू, आणि या वेळचं "बघू" जरा निराळं वाटतंय. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की नव्या रायफलीसोबत दोरी येते की वेगळी घ्यावी लागते.